जी ‘येते’ ती जात!

‘जी जात नाही ती जात’, अशी व्याख्या आपल्याकडे कुणीतरी विनोदाने करून ठेवली आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या व्याख्येला एक पुरवणी जोडावी लागली. सरकारी नोकरीची जाहिरात निघाली, की काही घरांत जात नव्याने येतेही! आजोबांना जी ठाऊक नव्हती, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जी नव्हती, ती नातवाच्या अर्जावर शिक्क्यानिशी अवतरते. पुष्कळदा कागद खरा, शिक्का खरा, साहेबांची सहीही खरी. खोटी असते ती फक्त जात.

याने कुणाचे काय बिघडते, हे पाहायचे तर वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याकडे वळावे. बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाणारे पोहरादेवी याच तालुक्यात आहे. इथल्या एखाद्या तांड्यातला मुलगा तलाठ्याच्या परीक्षेला बसला आहे, असे समजा. महाराष्ट्रात बंजारा समाज ‘विमुक्त जाती (अ)’ या गटात मोडतो. गटात जाती चौदा आणि राखीव जागा शेकडा तीन! म्हणजे शंभर जागा निघाल्या, तर या चौदा जातींच्या मुलांनी तीन खुर्च्यांसाठी झटायचे. त्यांतली एक कुणी लबाडीने बळकावली, की तिसरा हिस्सा गेला. याच गटात ‘राजपूत भामटा’ ही जात आहे. तिच्या नावातील पहिल्या शब्दाचा आधार घेऊन भलतेच लोक दाखले मिळवतात, ही बंजारा समाजाची जुनी तक्रार आहे. या गटातील अनेक जमातींवर १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला होता. तो पुसला गेला १९५२ साली. शिक्का सोसला एकाने, आणि त्याची भरपाई उचलली दुसऱ्याने, असा हा व्यवहार!

आदिवासींच्या बाबतीत तर नामसाधर्म्याने कहरच केला. पूर्वी विदर्भात अनुसूचित जमातींच्या सवलती मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा ठराविक मुलखापुरत्या होत्या. १९७६ च्या कायद्याने ही क्षेत्राची अट उठली. हेतू चांगला होता. खरा आदिवासी कुठेही राहिला तरी आदिवासीच. पण कुंपण निघाले आणि त्याबरोबर नावांचा बाजार भरला. कोळी तो महादेव कोळी, कोष्टी तो हलबा, असे दावे होऊ लागले. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की अनुसूचीतील शब्द आहे तसाच वाचायचा. हलबा म्हणजे हलबा, त्यात हलबा-कोष्टी घुसवता येणार नाही.

त्याआधी १९९४ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने दाखल्यांच्या पडताळणीची रीत घालून दिली होती. पडताळणी समिती आणि तिच्या हाताशी दक्षता पथक ही रचना तेव्हाची. पथकाने गावी जायचे, शाळेची दाखल-खारीज नोंदवही उघडायची, जन्ममृत्यूच्या नोंदी पाहायच्या. जुन्या शाईच्या ओळीत एखादा शब्द नव्या शाईने चिकटलेला सापडतो, तो असाच. पुढे राज्याने स्वतंत्र कायदा केला. तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. जात सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर, दाखला खोटा ठरला तर नोकरी व लाभ परत, शिवाय सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा दोन हजार ते वीस हजार रुपये दंड, अथवा दोन्ही!

कायदा झाला, पण खुर्ची सुटेना. वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला आता घरी पाठवायचे? त्याच्या मुलाबाळांचे काय? २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अशांच्या नोकरीला संरक्षणाची वाट मोकळी करून दिली होती. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. माणसाचा हेतू लबाडीचा होता की नव्हता, हा प्रश्न लाभ काढून घेताना गैरलागू आहे, असे न्यायालय म्हणाले. कठोर वाटते खरे. पण त्या पंचवीस वर्षांत दुसरा एक माणूस त्या खुर्चीबाहेर उभा होता, त्यालाही मुलेबाळे होतीच!

निकाल लागला तरी अंमलबजावणीसाठी पुन्हा कुणीतरी दार ठोठवावे लागते. २०१८ मध्ये आदिवासींच्या हक्कांसाठी झटणारी ‘ऑर्गनायझेशन फॉर राईट्स ऑफ ट्रायबल्स’ ही संस्था नागपूर खंडपीठात गेली. त्यानंतर शासनाने २१ डिसेंबर २०१९ रोजी निर्णय काढला: जमातीचा दावा अवैध ठरलेल्यांना अकरा महिन्यांसाठी ‘अधिसंख्य’ पदांवर न्यायचे आणि मोकळ्या झालेल्या जागा खऱ्या आदिवासींनी भरायच्या. आदिवासी संघटना अशा जागांचा आकडा १२,५०० सांगत आल्या आहेत. ‘अधिसंख्य’ हा शब्द मात्र मोठा मायाळू निघाला. चोरलेली खुर्ची काढून घ्यायची आणि शेजारी दुसरी मांडून द्यायची!

अशी लढाई संघटनेनेच का लढावी, कुणाही नागरिकाने का नाही? त्यालाही कारण आहे. नोकरीच्या बाबतीत लोकहिताची याचिका सहसा चालत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की ज्याचे काही गेले नाही अशा तिऱ्हाइताने दुसऱ्याच्या दाखल्यावर बोट ठेवू नये. हा दंडक शहाणपणाचा आहे. नाहीतर भाऊबंदकीचे, बढतीचे सगळे हिशेब जातीच्या दाखल्यावर चुकते व्हायचे. मात्र प्रकरण गंभीर असेल, तर न्यायालयाचे डोळे मिटलेले नाहीत, असेही त्याच निकालात आहे.

या साऱ्यात सर्वांत जास्त भरडला जातो तो खरा हक्कदार. विमुक्त जातीच्या माणसाला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. ज्या तांड्यात शाळाच उशिरा आली, त्याने आजोबांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? खोट्याची फाईल चोख, आणि खऱ्याच्या हाती नुसती आजीची आठवण! चालीरीती जुळतात की नाहीत एवढ्यावरच जमात ठरवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले; त्याने थोडा दिलासा मिळाला आहे.

आपण शहरातली माणसे आरक्षणावर तावातावाने बोलतो. पण खोटा दाखला मिळवायला ओळख लागते, पैसा लागतो, कचेरीतले दार ठाऊक असावे लागते. आणि या तिन्ही गोष्टी तांड्यापेक्षा आपल्याच वस्तीत अधिक! तेव्हा ‘अमक्याच्या मुलाचे काम झाले बरे का’, असे कुणी हळूच सांगितले, तर पेढा तोंडात टाकण्यापूर्वी एवढे विचारावे: काम याचे झाले, पण जागा कुणाची गेली?