वीणेची तार आणि भरतीचा सराव

पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या वस्त्यांतील मुले-मुली पहाटेच मैदान गाठतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. एकेका गुणासाठी जीव तोडून मेहनत चालते, कारण साऱ्या घराची आशा त्या गुणावर असते. पण चाचणीत मागे पडणारी सगळीच मुले सरावात कमी पडलेली नसतात. काहींचा सराव जास्त झालेला असतो.

धावताना शरीर बळकट होत नाही, झिजते. ही झीज झोपेत आणि विश्रांतीत भरून निघते आणि तेव्हाच ताकद वाढते. झीज भरण्याआधीच रोज नवा ताण दिला तर वेळ सुधारण्याऐवजी बिघडते. मग मुलगा घाबरून आणखी धावतो आणि आणखी खचतो. दोन-चार दिवसांचा थकवा विश्रांतीने जातो. हेच आठवडेच्या आठवडे चालले तर शरीर पूर्ववत व्हायला महिने लागू शकतात. यालाच अतिसराव म्हणतात. तो दाखवणारी एखादी ठरावीक रक्ततपासणी नाही. रोजच्या नोंदीतूनच तो वेळेवर लक्षात येतो.

विनयपिटकात सोण कोळिविस या भिक्खूची कथा आहे. चंक्रमण करून करून त्यांचे पाय रक्ताळले, तरी मनासारखी प्रगती होईना. ते पूर्वी वीणा वाजवत. तथागतांनी त्यांना विचारले की तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वीणा नीट वाजते का? प्रयत्नही तसाच समतोल हवा, हे त्यांना उमगले. मैदानावरही हेच लागू आहे.

त्यासाठी एक साधी वही पुरते. रोज चार नोंदी कराव्यात.

पहिली, नाडी. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. आठवडाभरात आपला नेहमीचा आकडा कळतो. तो सलग दोन-तीन दिवस ५ ते १० ठोक्यांनी जास्त आला तर सावध व्हा.

दुसरी, झोप, अंगदुखी, उत्साह आणि भूक. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्या. चिडचिड वाढणे आणि मैदानावर जाण्याची इच्छाच न होणे हीसुद्धा लक्षणे आहेत.

तिसरी, सरावाचा ताण. सराव किती जड गेला याला ० ते १० गुण द्या आणि मिनिटांनी गुणा. ६० मिनिटांचा सराव ६ गुणांइतका जड वाटला तर ताण ३६०. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांहून अधिक वाढू देऊ नका. १५०० वरून १६५० ठीक. एकदम २५०० नको.

चौथी, दिवसभराचे काम. रात्रपाळी, हमाली, डिलिव्हरी, पाणी भरणे, घरकाम हे सगळे शरीराच्याच खात्यातून जाते. ज्याला आठ तास झोप आणि पोटभर जेवण मिळते त्याचे वेळापत्रक आपल्या मुलांवर जसेच्या तसे लादू नये.

नाडी वाढली, गुण घसरले आणि वेळही बिघडली, तर दोन-तीन दिवस धावणे बंद ठेवा किंवा फक्त चाला. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती हवीच. भाकरीसोबत डाळ, उसळ, अंडी, शेंगदाणे-गूळ असे काही रोज पोटात जाऊ द्या. दुखणे दाबण्यासाठी वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर दुखत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो.

मुलींनी पाळीची नोंदही ठेवावी. पाळी तीन महिने आली नाही तर खाणे सरावाला अपुरे पडत असण्याची शक्यता असते. लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, म्हणून लवकर धाप लागणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात आधी तपासून घ्या.

धावताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, उन्हात बरळणे किंवा जड सरावानंतर लघवी गडद तपकिरी होणे, यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालय गाठा. इथे विश्रांतीची वाट पाहू नये.

आई-वडिलांना आमची एक विनंती आहे. मुलगा एक दिवस झोपून राहिला की लगेच 'भरती कशी होणार?' असे विचारू नका. आधी वही उघडा. आकडे विश्रांती मागत असतील तर त्या दिवशीची झोप हाच त्याचा सराव आहे.