आंतरजालावरील लिलाव : नवशिक्या विक्रेत्यांस चार शब्द

‘लिलाव’ हा शब्द मराठींत पोर्तुगीज भाषेंतून आला. परंतु ती चाल कांहीं परकी नव्हे. घर किंवा शेत विकावयाचें झाल्यास शेजाऱ्यांच्या समक्ष किंमत पुकारावी, तीन वेळां पुकारूनही कोणी हरकत न घेतल्यास तें ग्राहकास मिळावें, आणि ग्राहकांच्या स्पर्धेमुळें किंमत चढली तर ती वाढ राजाच्या कोशांत जावी, असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. हल्लीं ही पुकार संगणकाच्या पडद्यावर होते व वाढ विकणाराच्या पदरांत पडते. मध्यस्थ पेढी आपला वांटा घेते तो वेगळा!

गेल्या वर्षीं आम्ही उभयतां अमेरिकेंत न्यू जर्सी येथें चिरंजीवांकडे सहा महिने होतों. त्यांस घर बदलावयाचें होतें आणि तळघर तर सामानानें भरलेलें. तेव्हां ‘ईबे’ या संकेतस्थळावर तें लिलावानें विकण्याचें काम आमच्याकडे आलें. खातें चिरंजीवांचें, खटपट आमची. या पेढीचें भारतांतील दुकान २०१८ सालीं बंद झालें. तथापि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें परदेशीं आहेत. त्यांच्याकडे राहावयास जाणारांस आमचा अनुभव उपयोगी पडेल असें वाटतें.

प्रथम बोलीची रीत नीट समजून घ्यावी. ग्राहक आपली कमाल मर्यादा गुप्तपणें नोंदवून ठेवितो. समजा, एकानें ५० डॉलर व दुसऱ्यानें ३० डॉलर अशी मर्यादा नोंदविली, तर वस्तु पहिल्यास मिळते खरी, परंतु ५० डॉलरांस नव्हे. दुसऱ्याच्या वर एक पायरी, म्हणजे ३१ डॉलरांस. अर्थात् किंमत ठरवितो तो हरलेला ग्राहक! म्हणून जिच्यासाठीं दोघे तरी हौशी गृहस्थ हट्टास पेटतील अशीच वस्तु लिलावांत घालावी. बाकीच्या ठराविक किमतीस विकाव्या. हें आम्हांस उशिरां उमगलें. एक डॉलरापासून सुरुवात केली म्हणजे गर्दी जमते, असें कोणी सांगितलें म्हणून टेबलावरचा एक दिवा आम्हीं तसा मांडला. ग्राहक एकच आला आणि दिवा एका डॉलरास गेला. तो गुंडाळण्यास लागलेला कागद त्याहून महाग पडला असेल. जेवढ्या किमतीस वस्तु गेली तरी आपणांस हळहळ वाटणार नाहीं, तेवढीच प्रारंभीची किंमत ठेवावी. ती अजमावतांना इतर विक्रेते काय मागतात हें पाहूं नये. मागावयास कोणीही कांहींही मागतो. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी तेथें निराळी पाहतां येते, ती पाहावी.

वर्णनाविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. पिएर ओमिडियार यांनीं १९९५ सालीं हें संकेतस्थळ काढलें, तेव्हां त्यांचा एक मोडका लेझर-दर्शक १४.८३ डॉलरांस गेला. हा मोडका आहे हें आपणांस ठाऊक आहे ना, असें त्यांनीं ग्राहकास विचारलें. तों त्या गृहस्थास मोडकेच दर्शक जमविण्याचा नाद! तेव्हां वैगुण्य सांगितल्यानें ग्राहक पळतोच असें नाहीं. आम्हीं मात्र तें एकदां झांकलें. जुन्या कॅमेऱ्याचें मागील झांकण घट्ट बसत नव्हतें. तें न लिहितां ‘सुस्थितींत’ एवढेंच लिहिलें. कॅमेरा परत आला, पैसे परत करावे लागले, जाण्यायेण्याचें टपालही आमच्याच माथीं बसलें. छत्तीस वर्षें मुलांच्या वह्यांत लाल शाईनें शेरे मारले. आतां त्या ग्राहकाचा शेरा चिरंजीवांच्या खात्यावर आम्हांस वाचावा लागला. पुढील ग्राहक हेच शेरे आधीं वाचतात. छायाचित्रें दिवसाउजेडीं काढावीं, आणि चिरा, ओरखडा, पोंचा असेल तेथें जवळून काढावें.

वस्तु मांडण्यापूर्वींच ती पेटींत भरून वजन करावें; टपालाचा अंदाज डोळ्यांनीं करणारा हमखास बुडतो. पेढीचें शुल्क टपालखर्चासह होणाऱ्या एकूण रकमेवर असतें, हेंही हिशेबांत धरावें. ठरल्याहून मोठ्या रकमेचा धनादेश पाठवून वरचे पैसे परत मागणारा, किंवा संकेतस्थळाबाहेर व्यवहार करूं म्हणणारा ग्राहक भेटल्यास त्यास दुरूनच नमस्कार करावा.

येथून जुन्या मूर्ति, नाणीं तिकडे पाठवून विकण्याचा मोह कोणास झाल्यास सांगून ठेवितों, कीं १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील अशा पुराणवस्तु खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवितां येत नाहींत. महत्त्वाच्या हस्तलिखितांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे.

आणि घरांतील प्रत्येकास विचारल्यावांचून कोणतीही वस्तु लिलावांत घालूं नये. हें आधीं सांगावयाचें तें शेवटीं सांगतों, कारण तें लिहावयास हात धजत नव्हता. तळघरांतील एका खोक्यांत पितळेचा फिरकीचा तांब्या सांपडला. कोणी वापरीत नाहीं असें पाहून आम्हीं तो सात दिवसांच्या लिलावांत मांडला. सातव्या दिवशीं सकाळीं सूनबाईंनीं सहज पडद्याकडे पाहिलें. त्यांच्या आजीनें काशीयात्रेस नेलेला तो तांब्या होता. बोली लागलेली असून बारा तासांहून कमी वेळ उरला असला, म्हणजे विकणारास लिलाव मागें घेतां येत नाहीं. मित्राकडून मोठी बोली लावून तांब्या घरांतच ठेवूं, असें चिरंजीव म्हणाले. घरच्याच माणसाकडून बोली चढविणें तेथील नियमांत मना आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. तरीही आम्ही गप्प राहिलों, हें कबूल केलें पाहिजे. नको म्हणाल्या त्या सूनबाईच. “बाबा, लोक खरें मानून बोली लावताहेत,” एवढेंच त्या बोलल्या.

तांब्या ४६ डॉलरांस गेला. तो त्यांनीं स्वतः जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळला, आणि झांकण कोणत्या बाजूस फिरविलें म्हणजे उघडतें, तें एका चिठ्ठीवर इंग्रजींत लिहून आंत ठेविलें.