विश्लेषण : हातात तिकीट, व्हिसाचा मात्र पत्ता नाही! जर्मनीतील ‘वाकेन’ महोत्सवाची प्रतीक्षा भारतीय चाहत्यांसाठी जोखमीची का?

उत्तर जर्मनीतील वाकेन या जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावात जुलैच्या अखेरीस ८५ हजारांपर्यंत लोक मुक्कामाला येतात. निमित्त असते ‘वाकेन ओपन एअर’ या हेवी मेटल संगीत महोत्सवाचे. मुंबई, पुणे, बेंगळूरु येथील चाहत्यांसाठीही ही आयुष्यात एकदा तरी करावी अशी वारी. मात्र भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्याला तिकीट जवळपास वर्षभर आधी घ्यावे लागते आणि प्रत्यक्ष जाता येणार की नाही, हे बरेच उशिरा कळते.

महोत्सव सुरू कसा झाला?

थॉमस येन्सन आणि होल्गर ह्यूबनर या तरुणांनी १९९० च्या ऑगस्टमध्ये गावाजवळच्या खडीच्या खाणीत पहिला कार्यक्रम भरवला. सहा बँड आणि सुमारे ८०० श्रोते, एवढाच तो पसारा होता. आज दोनशेच्या आसपास बँड येथे वाजवतात. तरीही महोत्सवाचे गावपण टिकून आहे. गावच्या अग्निशमन दलाचा वाद्यवृंद येथे परंपरेने वाजवतो. बिअर वाहणाऱ्या ट्रकमुळे शेताचा चिखल होऊ नये म्हणून २०१७ मध्ये थेट जमिनीखालून बिअरची वाहिनी टाकण्यात आली.

भारताशी संबंध काय?

‘आयर्न मेडन’ने १ फेब्रुवारी २००८ रोजी आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली. २०१२ मध्ये वाकेनच्या धर्तीवर ‘बेंगळूर ओपन एअर’ सुरू झाला. नव्या बँडसाठी वाकेन ‘मेटल बॅटल’ ही स्पर्धा घेते, त्यात भारतीय उपखंडातील बँडही उतरतात. मुंबईचा ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ २०१४ मध्ये, तर ढोलाच्या ठेक्यावर मेटल वाजवणारा दिल्लीचा ‘ब्लडीवूड’ २०१९ मध्ये वाकेनच्या मंचावर पोहोचला.

तिकीट आणि व्हिसाचे गणित का जुळत नाही?

एक महोत्सव संपताच पुढील वर्षाची तिकिटे विक्रीस येतात. २०२४ ची तिकिटे तर काही तासांतच संपली होती. म्हणजे निर्णय ऑगस्टमध्येच घ्यावा लागतो. शेंगेन व्हिसासाठीचा अर्ज मात्र प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. जुलैअखेरच्या प्रवासासाठी अर्ज जानेवारीच्या अखेरीपासून पुढे. अर्जावर साधारण १५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शिवाय एप्रिल ते जूनमध्ये सुट्टीतील पर्यटकांची गर्दी असल्याने अर्ज केंद्रावर वेळ मिळणे कठीण जाते. महोत्सवाला जायचे असेल तर मे महिन्याची वाट पाहू नये, हे बरे.

अर्जात काय लागते?

प्रौढांसाठी शुल्क ९० युरो. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तरी ही रक्कम परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय विमाकवच, बँक खात्याचा तपशील, नोकरीचा किंवा व्यवसायाचा पुरावा आणि परतीच्या प्रवासाचे आरक्षणही द्यावे लागते. वाकेनच्या तिकिटात तंबूसाठीच्या जागेचा समावेश असतो. त्यामुळे मुक्कामाच्या रकान्यात ते स्पष्ट लिहावे आणि उरलेल्या रात्रींसाठी हॉटेलचे आरक्षण जोडावे. व्हिसा हाती येईपर्यंत विमानाचे परतावा न मिळणारे तिकीट घेणे टाळावे.

व्हिसा नाकारल्यास पर्याय काय?

पूर्वी जर्मन दूतावासाकडे फेरविचारासाठी विनाशुल्क दाद मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून ही सोय जगभर बंद झाली. आता त्रुटी दूर करून पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज करणे किंवा जर्मन न्यायालयात जाणे, एवढेच मार्ग उरतात. म्हणूनच लवकर अर्ज करणाऱ्याला दुसऱ्या प्रयत्नासाठी वेळ मिळतो. जूनमध्ये नकार आला, तर तो बहुधा अखेरचाच ठरतो.

पोहोचल्यावर अडचण येऊ शकते का?

येऊ शकते. २०२३ मध्ये मुसळधार पावसाने मैदानाचा अक्षरशः चिखल झाला आणि आयोजकांना प्रवेश मध्येच थांबवावा लागला. हजारो चाहत्यांना वाटेतूनच परतावे लागले. तिकिटाचे पैसे परत देण्यात आले, पण विमानभाडे, व्हिसाशुल्क आणि रजा कोण परत देणार? त्यामुळे प्रवास विमा घेताना प्रवास रद्द झाल्यास भरपाई मिळते का, हे पाहावे. गमबूट आणि कानात घालायचे बोळे हवेतच. अशा कार्यक्रमांत आवाजाची सरासरी पातळी १०० डेसिबलपेक्षा जास्त असू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस आहे.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

भारतात मोठा मेटल बँड क्वचित येतो, आणि आला तरी एका संध्याकाळपुरता. आपल्या वर्गात, कार्यालयात, इमारतीत हे संगीत ऐकणारे आपण एकटेच, असा अनेक चाहत्यांचा अनुभव असतो. वाकेनमध्ये मात्र शेजारच्या प्रत्येक तंबूत तेच संगीत वाजत असते. काळा टीशर्ट घातलेल्या पाहुण्याकडे तिथे कुणी वळून पाहत नाही, कारण गावकऱ्यांना त्याची ३५ वर्षांची सवय आहे. जोखमीचा हिशेब मांडूनही तिकीट घेणारा चाहता या चार दिवसांसाठीच पैसे मोजतो.