बोर्डो फवारता, मग बोर्दोची बोली का नको?

द्राक्षबागायतदाराला बोर्डो मिश्रण काय ते सांगावे लागत नाही. मोरचूद, चुना अन् पाणी. फ्रान्समधल्या मेदोक भागात वाटेवरच्या वेलींची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून शेतकरी त्यांवर हे निळे पाणी शिंपडत. त्याच वेली केवड्यातून वाचल्या हे बोर्दो विद्यापीठातल्या मिलार्दे या प्राध्यापकाने हेरले आणि १८८५ साली औषध जगापुढे आणले. म्हणजे फ्रेंच गावाचे नाव आपल्या तोंडी कधीचेच आहे. पण हेच नाव फ्रेंचमध्ये लिहिताना शेवटच्या एका 'ओ'साठी चार अक्षरे लागतात, आणि त्यातले शेवटचे 'एक्स' तर कुणी उच्चारतच नाही. पुस्तक वाचून ही भाषा बोलायला निघालेला माणूस इथेच अडकतो. तिचा रस्ता कानातून जातो.

आमच्या पुतण्याच्या हे लक्षात आले ते वायनरीत कामाला लागल्यावर. बागेत लावलेल्या जातींना गडी 'शेनिन ब्लँक', 'कॅबरनेट' म्हणतात. फ्रेंच पाहुणा आला तो 'शनँ ब्लां' म्हणाला, तेव्हा आपल्याच वाणाचे नाव पोराला ओळखू येईना! शहरातल्या क्लासला जायचे तर रोजची एस.टी., वर फी, आणि गोडी छाटणीच्या दिवसांत बाग सोडून जाणार कोण? म्हणून त्याने मोबाईलवर ऐकून शिकायचा कोर्स घेतला. घरात सगळे हसले. 'कानात बोंडं घालून कुठं भाषा येती व्हय?' हा आमच्या वहिनींचा सवाल.

येते, पण ऐकणाऱ्याने तोंड उघडले तर. या कोर्समधला आवाज एक वाक्य म्हणतो, त्याचे तुकडे पाडून म्हणायला लावतो, मग विचारतो, 'पाणी हवे हे कसे म्हणाल?' आणि थांबतो. त्या चार-पाच सेकंदांच्या शांततेतच खरे शिक्षण आहे. आपण मोठ्याने उत्तर द्यायचे, मग बरोबर उत्तर ऐकू येते. पुष्कळ लोक ही जागा गप्प बसून घालवतात, गाणी ऐकावीत तसे धडे ऐकतात आणि महिन्याने कोर्सच्या नावाने बोटे मोडतात.

पॉल पिम्स्लर या अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९६७ साली उजळणीचे एक वेळापत्रकच मांडले. नवा शब्द ५ सेकंदांनी पुन्हा आठवायचा, मग २५ सेकंदांनी, २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाने, ५ तासांनी, एका दिवसाने, ५ दिवसांनी, २५ दिवसांनी, ४ महिन्यांनी आणि शेवटी २ वर्षांनी. त्याच्या नावाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे धडे याच पायावर उभे आहेत. एकदम पाट सोडून देण्यापेक्षा ठिबकने देणे बरे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून रविवारी चार धडे उरकण्यापेक्षा रोज एकच करावा.

आपल्या माणसाला काही गोष्टी सोप्याही जातात. तू आणि तुम्ही हा भेद फ्रेंचमध्ये आहे. अनोळखी माणसाला 'वू' म्हणजे तुम्हीच. इंग्रजीवाल्याला हे घोकावे लागते, आपल्याला नाही. लिंगे दोनच, आपल्याकडे तीन! आकडे तर पहा. ऐंशीला ते 'कात्र-वॅं' म्हणतात, म्हणजे चार वेळा वीस. आमची आजी बोरं मोजताना 'चार विसा' म्हणायची, तोच हिशेब. सत्तर म्हणजे साठ अन् दहा, नव्वद म्हणजे चार विसा अन् दहा. अवघड आहेत ते उच्चार. 'र' घशातून, गुळणी केल्यासारखा. आणि एक स्वर असा की ओठ 'ऊ'चे ठेवायचे अन् आतून 'ई' म्हणायचे. पोरगा वेलीखाली हे करीत बसला की मजूर बाया तोंडाला पदर लावायच्या. ट्रॅक्टरवर किंवा फवारणी यंत्रावर असताना मात्र कानात काही घालू नये. धड्यापेक्षा जीव मोठा.

तीस धडे झाले आणि हंगामात पुन्हा फ्रेंच पाहुणे आले. पुतण्याने स्वागताची दोन वाक्ये अशी सफाईने म्हटली की पाहुणा खूश झाला आणि भराभरा बोलत सुटला. झाले! पोराला एक अक्षर कळेना. कोर्समधला माणूस सावकाश, स्वच्छ बोलतो. खरा माणूस शब्द गिळतो. पोराचा चेहरा पडला. पण त्याच धड्यांतले 'प्लु लांतमां, सिल व्हू प्ले' त्याला आठवले, म्हणजे जरा हळू बोला. पाहुणा थांबला, हसला आणि हळू बोलू लागला. दहा मिनिटे दोघे बागेत फिरले. घड कसे विरळ करता, छाटणी वर्षातून दोनदा का, एवढे तरी हातवाऱ्यांसह पार पडले.

तेव्हा पैसे खर्चण्याआधी मर्यादा ओळखाव्यात. बहुतेक कोर्समध्ये समजावणारा आवाज इंग्रजीत असतो; ते कळत नसेल तर सारे फुकट. शिवाय प्रमाणपत्र हवे असेल तर नुसते ऐकणे-बोलणे पुरत नाही. डेल्फ या फ्रेंच सरकारच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग, प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५. वाचन-लेखनासाठी पुस्तक किंवा शिक्षक हवाच. भरभर बोलणे कानावर पडावे म्हणून फ्रान्सच्या आरएफआय आकाशवाणीच्या सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या इंटरनेटवर फुकट मिळतात.

पुतण्या आता रात्री त्या ऐकतो. शेतीपंपाची लाईट रात्री येते तेव्हा मोटार चालू करून तो विहिरीच्या कठड्यावर बसतो. तिथे हसायला कुणी नसते. आवाज विचारतो, थांबतो, अन् पोरगा अंधारात मोठ्याने उत्तर देतो. परवा वहिनी डबा घेऊन गेल्या, तर त्यांनाही म्हणे त्याने 'मेर्सी' म्हणायला लावले.