बटण दाबण्याआधीची तपासणी कुणासाठी?

"फॉर्मला व्हॅलिडेशन लावलंय सर, आता चुकीचा डेटा येऊच शकत नाही." वेब डेव्हलपमेंटच्या वर्गात दर बॅचला हे वाक्य एकदा तरी कानावर येतं. मग मी त्या मुलाच्या लॅपटॉपवर एफ१२ दाबतो, समोर उघडलेल्या एचटीएमएलमधला 'रिक्वायर्ड' हा शब्द खोडतो आणि नावाचा रकाना रिकामा ठेवून सबमिट करतो. फॉर्म बिनबोभाट जातो. अर्धं मिनिटही लागत नाही. मुलांचं एक वेळ समजू शकतो. नोकरीत पाच-सात वर्षं काढलेली माणसंही हेच सांगतात, तेव्हा मात्र चिडायला होतं.

ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या मशीनवर चालते. पान तिथे पोचलं की त्यावर तुमचा ताबा उरत नाही. वापरणारा जावास्क्रिप्ट बंद करू शकतो, कोड बदलू शकतो. त्याहून मूळ गोष्ट म्हणजे सर्व्हरकडे 'फॉर्म' कधी जातच नाही. जाते ती एक एचटीटीपी रिक्वेस्ट: रकान्यांची नावं आणि त्यांत भरलेला मजकूर. ती बटण दाबून आली, की कुणी 'कर्ल'सारखं साधन वापरून हाताने लिहून पाठवली, हे सर्व्हरला खात्रीने कळायला मार्ग नाही. हाताने लिहिणाऱ्याने तुमची लाल अक्षरं पाहिलेलीही नसतात.

साड्यांच्या दुकानाचा एक प्रोजेक्ट माझ्यासमोर आला होता. किंमत लपवलेल्या रकान्यात, आणि ती शून्यापेक्षा जास्त आहे ना, एवढं जावास्क्रिप्ट पाहत होती. मी ४,५०० च्या जागी ४५ लिहिलं. बिल ४५ रुपयांचं निघालं. तपासणी अगदी बरोबर चालली होती. ती चुकीच्या जागी होती. किंमत ब्राउझरला विचारायचीच नसते, ती सर्व्हरने स्वतःच्या डेटाबेसमधून काढायची असते.

कुणाला हे माझं मत वाटत असेल, तर त्यांनी एचटीएमएलचं मूळ मानक उघडावं. फॉर्म-तपासणीच्या प्रकरणातच तिथे बजावलंय की सर्व्हरने ब्राउझरमधल्या तपासणीवर विसंबू नये. ती वापरणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, सुरक्षेसाठी नाही. सुरक्षेतल्या उणिवांच्या सीडब्ल्यूई यादीत या चुकीला स्वतंत्र क्रमांकच आहे: ६०२.

हे पटलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात: सर्व्हर तपासणारच आहे, मग ब्राउझरमध्ये कशाला? प्रामाणिकपणे फॉर्म भरणाऱ्या माणसासाठी. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट लिहिली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या उपयोगांत फॉर्म-तपासणी ठळक होती. मोडेमच्या काळात एक रकाना राहिला म्हणून अख्खं पान पुन्हा येण्याची वाट पाहावी लागे. आजही तालुक्याच्या गावी नेटवर्कची एकच कांडी दिसत असताना फॉर्म भरणाऱ्याला चूक जागच्या जागी कळायला हवी. आधारचा १२ वा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला तपासणी-अंक असतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, तर ब्राउझर ते तत्काळ पकडू शकतो. तो क्रमांक खरोखर कुणाचा आहे का, हे मात्र त्याला कधीच सांगता येणार नाही. दोन तपासण्यांमधली सीमारेषा ती हीच.

आता लहानसहान समज. 'रिक्वायर्ड' लावलं की रकाना भरलाच जातो? साध्या मजकुराच्या रकान्यात नुसती एक स्पेस दिली तरी ब्राउझर समाधानी होतो. 'टाइप ईमेल' पत्ता खरा असल्याची खात्री देतो? त्याला 'ए@बी' एवढंही चालतं. खात्री हवी तर त्या पत्त्यावर मेल पाठवा. कोडमधून सबमिट केलं तरी तपासणी होतेच? फॉर्मची 'सबमिट' ही मेथड तपासणी आणि सबमिट इव्हेंट दोन्ही टाळून पुढे जाते. तपासणी हवी असेल, तर 'रिक्वेस्टसबमिट' ही मेथड आहे. आणि ती क्लिक घडवत नाही, म्हणून आपली तपासणी बटणाच्या क्लिकला न जोडता फॉर्मच्या सबमिट इव्हेंटला जोडावी.

एक समज मात्र एका ओळीत सोडवत नाही: नाव म्हणजे ए ते झेड. मराठी अर्जातसुद्धा हा पॅटर्न दिसतो आणि 'मीरा' लिहिणाऱ्या बाईला स्वतःचं नाव अवैध असल्याचं वाचावं लागतं. सुधारणा म्हणून कुणी युनिकोडचा 'अक्षर' वर्ग वापरतं, तरी 'मीरा' अडकतेच. कारण काना, वेलांटी आणि हलन्त ही युनिकोडच्या लेखी अक्षरं नाहीत, 'चिन्ह' वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग घ्यावे लागतात, शिवाय नाव-आडनावामधली स्पेसही. पिनकोडचंही तसंच: जावास्क्रिप्टच्या पॅटर्नमधल्या 'अंक' या खुणेला फक्त इंग्रजी अंक कळतात. ४११०३० असं देवनागरीत लिहिलेलं आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्या, मग तपासा. आणि सर्व्हरवरही तेच करा, नाहीतर ब्राउझरने स्वीकारलेली मीरा तिथे नाकारली जाईल.