शिबिराचं बुकिंग रद्द झालं तर पैसे परत मिळतात का? नियम काय सांगतो, ते जाणून घ्या

मुंबई उपनगर : शनिवार-रविवार जोडून योग शिबिर, ध्यान शिबिर किंवा शेतावरचा मुक्काम. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरची मंडळी यासाठी कर्जत, मुरबाड, शहापूरची वाट धरतात. पैसे आधीच ऑनलाइन भरलेले असतात. ऐनवेळी घरात कुणी आजारी पडतं किंवा रजा मिळत नाही. फोन केला की उत्तर येतं, ‘बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे.’ पण एवढं म्हटल्याने विषय संपत नाही.

नियम दोघांना सारखा

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० वेबसाइट किंवा ॲपवरून विक्री करणाऱ्यांना लागू होतात. स्वतः बुकिंग रद्द केल्यावर तसाच भुर्दंड सोसायची तयारी नसेल, तर अशा संस्थेला ग्राहकाकडून रद्द करण्याचं शुल्क घेता येत नाही.

समजा, मुलुंडच्या एका कुटुंबाने ८,००० रुपये भरले. चार दिवस आधी रद्द केल्यास निम्मे कापणार, अशी अट आहे. मग आयोजकानेच चार दिवस आधी शिबिर रद्द केलं तर? ‘पुढची तारीख घ्या’ एवढंच लिहिलं असेल, तर ती अट एकतर्फी आहे.

आयोजकाचंही नुकसान होतं

मुरबाडच्या शेतकऱ्याने वीस पाहुण्यांसाठी दूध-भाजी भरलेली असते, स्वयंपाकाला बायका सांगितलेल्या असतात, दुसऱ्या गटाला नाही म्हटलेलं असतं. ऐनवेळी कुणी आलंच नाही, तर तो खर्च त्याच्या अंगावर पडतो. म्हणून वाजवी कपात चुकीची नाही. करार मोडल्यास ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई घेता येते, असं भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं. मात्र नुकसानीच्या मानाने दंड अवाजवी असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अशा कराराला अन्यायकारक ठरवू शकतो.

किती दिवस आधी कळवल्यास किती कपात, हे आयोजकाने बुकिंगच्या वेळीच मराठीत लिहून द्यावं. वाद निम्मे तिथेच मिटतात.

गोराईत पैशांचा प्रश्नच नाही

बोरिवलीजवळ गोराईला ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. तिथल्या केंद्रात होणाऱ्या दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नसतं. राहणं-जेवणही मोफत असतं. खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो आणि दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतलं जातं. त्यामुळे रिफंडचा वाद नाही. पण जागा मोजक्या असतात. जमणार नसेल तर वेळेत कळवायला हवं, नाहीतर प्रतीक्षा यादीतल्या माणसाची संधी जाते.

पैसे अडकले तर काय करायचं?

- बुकिंगची पावती, अटींचा स्क्रीनशॉट आणि पेमेंटचा मेसेज जपून ठेवा.
- रद्द करताना फोनवर भागवू नका. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर कळवा. तारीख-वेळेचा पुरावा राहतो.
- उत्तर मिळालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.
- तरीही तोडगा निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.
- आयोजक कर्जतचा असला तरी ग्राहकाला तिकडे खेटे घालायची गरज नाही. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुलुंड-घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात, म्हणजे त्यांच्यासाठीही मुंबई उपनगर जिल्हाच.

एक सावधगिरी

‘रिफंड पाठवतोय, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका,’ असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर उशीर न करता १९३० वर कळवा.

पैसे भरण्याआधी आयोजकाला एकच प्रश्न विचारा : ‘मी रद्द केलं तर किती कापणार, आणि तुम्ही रद्द केलं तर काय देणार?’ दोन्हीचं उत्तर लेखी मिळालं, तरच पैसे पाठवा.