प्रकार-संग्रह

प्रकार-संग्रह : एखाद्या वर्गातील वस्तूंच्या प्रत्येक भिन्न प्रकाराचा केवळ एकेक नमुना जमविण्याची संग्रहपद्धती. मालिकेतील सर्व नग मिळविणे हे पूर्ण-संग्रहाचे उद्दिष्ट असते. प्रकार-संग्राहक मात्र मालिकेचा प्रतिनिधी म्हणून एक नग ठेवतो व पुढील मालिकेकडे वळतो. नाणी, टपाल तिकिटे, आगपेट्यांवरील छापे, तंबाखूच्या पाकिटांतील चित्रपत्रे इ. वस्तूंच्या बाबतीत ही पद्धती रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः नाण्यांचा व त्यांतही अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या परिसरातील नाण्यांचा विचार केला आहे.

प्रकार ही वस्तूत आपोआप दिसणारी गोष्ट नव्हे. ती सूचीकाराने ठरविलेली असते. अमेरिकेतील बेसबॉल खेळाडूंच्या चित्रपत्रांवरून हे स्पष्ट होते. ही पत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तंबाखूच्या व पुढे मिठाईच्या पाकिटांबरोबर वाटली जात. १९०९–११ या काळात निघालेल्या एकाच मालिकेत ५२४ पत्रे मोजतात. तीमधील होनस वॅगनर या खेळाडूचे पत्र अतिशय दुर्मिळ असल्याने बहुतेकांचा संच तेथेच अडतो. प्रकार-संग्राहकाला मात्र या मालिकेतील कोणतेही एक पत्र पुरते. ही मालिका ‘टी-२०६’ या नावाने ओळखली जाते, ती जेफर्सन बर्डिक या संग्राहकामुळे. त्याने १९३९ पासून अशा पत्रांच्या सूची प्रसिद्ध केल्या व काळ आणि उत्पादन यांनुसार मालिकांना अक्षरे व क्रमांक दिले. तीन लाखांहून अधिक नगांचा आपला संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन कलासंग्रहालयाला दिला. त्याची सूची नसती, तर ‘प्रत्येक मालिकेतील एक’ या शब्दांना निश्चित अर्थच उरला नसता.

नाण्यांच्या बाबतीत धातू, मूल्य, दोन्ही बाजूंवरील लेख व चिन्हे आणि नाणे पाडणारी सत्ता यांवरून प्रकार ठरतो. टांकसाळ व वर्ष यांतील फरक सामान्यतः उपप्रकारात मोडतात. परंतु हा नियम सर्वत्र सारखा लागू पडत नाही. मोगल बादशहा औरंगजेब (कार. १६५८–१७०७) याने नाण्यांवरील कलिमा काढून टाकला. त्याच्या रुपयांवर एका बाजूस नाव असलेली फार्सी द्विपदी, तर दुसऱ्या बाजूस राज्यारोहणाचे वर्ष व टांकसाळीचे नाव असते. अशी नाणी साम्राज्यातील कित्येक टांकसाळींतून पडली. सबंध मोगल नाण्यांचा प्रकार-संग्रह करणाऱ्यास त्यांपैकी सुरतेचा एक रुपया पुरेसा होतो. याउलट, अहमदनगरपुरता संग्रह करणाऱ्यास टांकसाळ हाच पहिला निकष मानावा लागतो व सुरतेचा रुपया कितीही सुबक असला, तरी तो त्याच्या उपयोगाचा नसतो. संग्रहाचा हेतू आधी ठरविल्याशिवाय प्रकारांची गणना करता येत नाही, ती यामुळेच.

अहमदनगरच्या निजामशाहीची (१४९०–१६३६) नाणी या पद्धतीची खरी कसोटी पाहतात. आज आढळणारी निजामशाही नाणी प्रामुख्याने तांब्याची असून त्यांना फलूस म्हणतात. पूर्ण फलुसाखेरीज त्याचे अंशही पाडलेले आढळतात. अहमदनगर, मुर्तजानगर, बुऱ्हाणाबाद, दौलताबाद ही टांकसाळींची नावे त्यांवर येतात. या नाण्यांचे ठसे मोठे, तर तांब्याच्या चकत्या लहान व जाड असत; त्यामुळे ठशावरील लेखाचा काही भागच नाण्यावर उमटे. एका नाण्यावर टांकसाळीच्या नावाचा पूर्वार्ध दिसतो, दुसऱ्यावर उत्तरार्ध, तर तिसऱ्यावर हिजरी सनाचे दोन अंक. बुऱ्हाण नावाचे तीन सुलतान झाले व मुर्तजा नावाचेही तीन. साहजिकच नाणे कोणाच्या कारकीर्दीतील हे ठरविताना सन व टांकसाळ यांवर फार भिस्त ठेवावी लागते. पाच-सहा नाणी शेजारी ठेवून मूळ ठशाची जुळणी केल्यावरच पूर्ण लेख हाती येतो. अशा ठिकाणी प्रत्येक प्रकाराचा एकच नमुना ठेवण्याचा आग्रह धरल्यास तो प्रकार वाचण्याचे साधनच संग्राहक गमावून बसतो. सुस्थितीतील एक नाणे ठेवून झिजलेली विकून टाकण्याची जी सर्वसाधारण रीत आहे, ती निजामशाही फलुसांच्या बाबतीत नुकसानकारक ठरते.

मराठेशाहीतील शिवराई या तांब्याच्या नाण्याची अडचण वेगळी आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा लेख असलेले हे नाणे शिवाजी महाराजांनंतर पेशवाईतही दीर्घकाळ पाडले जात होते. ठसे कोरणारे अनेक, त्यामुळे अक्षरांचे वळण, ऱ्हस्वदीर्घ, बिंदू व चिन्हे यांत अपार वैविध्य आढळते. लेखाच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या नाण्यास दुदांडी शिवराई म्हणतात व तो स्वतंत्र प्रकार मानणे रास्त आहे. मात्र कारागिराच्या हातून झालेल्या प्रत्येक लेखनभेदाला प्रकाराचा दर्जा देण्याची काही संग्राहकांची प्रवृत्ती शास्त्रीय म्हणता येणार नाही. तिचा लाभ झालाच, तर विक्रेत्यांना होतो. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ असून त्याची बनावट नाणी वरचेवर पुढे येतात. वजन, कडा आणि अक्षरांचा उठाव यांची तपासणी केल्याशिवाय असे नाणे संग्रहात दाखल करणे धोक्याचे असते.

ब्रिटिश अंमलात १८३५ मध्ये एकरूप चलन सुरू झाल्यावर प्रकारांची गणना सोपी झाली. १८४० च्या व्हिक्टोरिया रुपयाचे अखंड लेखाचा व विभागलेल्या लेखाचा असे दोन प्रकार आहेत. १८६२ पासून मुकुटधारी राणीचा रुपया आला व १८७७ पासून ‘राणी’ऐवजी ‘सम्राज्ञी’ या अर्थाचा शब्द त्यावर आला. १८६२ हेच वर्ष पुढे १८७४ पर्यंत नाण्यांवर कायम राहिले व प्रत्यक्ष वर्ष दर्शविण्यासाठी बिंदूंचा वापर करण्यात आला. वर्षवार संग्रह करणारे हे बिंदू भिंगाखाली मोजत बसतात; प्रकार-संग्राहक त्यातून सुटतो. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावरील राजवस्त्रातील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाल्याने १९१२ मध्ये ते चित्र सुधारण्यात आले. बदल अगदी लहान असला, तरी तो हेतुपुरस्सर व अधिकृत असल्यामुळे येथे दोन प्रकार धरतात. स्वातंत्र्योत्तर काळात १९५० ची पहिली प्रजासत्ताक नाणी, १९५७ चे दशमान नाणे आणि १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द वगळल्यानंतरचा पैसा हे ठळक टप्पे होत.

प्रकार-संग्रहावरील सर्वांत गंभीर आक्षेप नाणेनिधींसंबंधी आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपान याची सु. १३,२५० चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांपैकी सु. दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. नहपानाच्या पराभवाचा व सातवाहनांनी त्याचे चलन ताब्यात घेतल्याचा हा भक्कम पुरावा होय. प्रकार-संग्राहकाच्या हिशेबी या निधीत दोनच प्रकार आहेत, मूळ नाणे व पुनर्मुद्रित नाणे. तेवढी दोन उचलून बाकीची आटवली असती, तर दोन्ही प्रकार शिल्लक राहिले असते, पण त्यांचे प्रमाण कायमचे नाहीसे झाले असते. नेवाशाच्या उत्खननातील (१९५४–५६) नाण्यांचे महत्त्वही ती कोणत्या स्तरातून मिळाली यावर अवलंबून आहे. आठवडे बाजारात किंवा सराफाकडे सुटे मिळालेले तशाच प्रकारचे नाणे अधिक देखणे असू शकेल. ते त्या स्तराचा काळ सांगू शकत नाही. [→ नाणी व नाणकशास्त्र].

जमिनीत सापडलेल्या व दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाच्या कक्षेत येतात व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

अभ्यासू संग्राहक प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर धातू, वजन, व्यास, लेखाचे वाचन, सूची-क्रमांक व नाणे कोठून मिळाले याची नोंद ठेवतात. यांपैकी शेवटची बाब सर्वाधिक वेळा वगळली जाते. तांब्याची नाणी आम्लाने घासून चकचकीत करू नयेत, कारण त्यात अक्षरांचा उठाव झिजतो. अहमदनगर येथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जुनी नाणी पाहावयास मिळतात. नाशिकजवळ अंजनेरी येथे भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था (स्थापना १९८०) असून परमेश्वरीलाल गुप्त हे तिचे पहिले संचालक होते.